उंबऱ्याबाहेरचं ताट

तोळणुऱ्यांच्या घरात मुहूर्त आधी नळाला विचारतात, मग पंचांगाला. बाळाचं बारसं गड्ड्याची जत्रा संपल्यावर पहिल्या पाण्याच्या दिवशी करायचं ठरलं, तेव्हा मुहूर्त काढणाऱ्या स्वामींनीही मुकाट्याने मान डोलावली. तेही शुक्रवार पेठेतच राहत होते आणि त्यांचाही नळ चार-चार दिवस तोंड दाखवत नव्हता. त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून खाली पिंपं, घागरी, बादल्या आणि बायका यांचा एकच कल्लोळ चालला होता. वरच्या मजल्यावर प्रोफेसर शरणबसव तोळणुरे हातात पेपर धरून तो वाचत असल्याचं सोंग करत होते.

सोंगाला कारण होतं. आज खाली एका बाळाचं नाव ठेवायचं होतं आणि त्याआधी एका खुनाचा निकाल लावायचा होता. दोन्ही कामं घरच्यांनी त्यांच्याच गळ्यात घातली होती.

खरं तर निकाल देणं हा त्यांचा धंदा नव्हेच. निवृत्त होईपर्यंत त्यांनी धारवाडला गुन्हेगारीशास्त्र शिकवलं. माणूस गुन्हा का करतो, समाज कशाला गुन्हा म्हणतो, शिक्षेने काय साधतं नि काय साधत नाही, असला तो विषय. पेठेचा मात्र पक्का समज की सर पोलिसांत कुणी बडे साहेब होते. गच्चीवर वाळत घातलेले पापड गेले तरी माणसं जिना चढून वर यायची. "सर, कुणी नेलं असंल हो?" प्रोफेसर चष्मा पुसत म्हणायचे, "कुणी नेले ते मला सांगता येणार नाही. माणूस पापड का नेतो ते सांगतो, बसा." मग बसायला कुणी थांबत नसे.

अण्णा मात्र थांबणार होते. अण्णा म्हणजे थोरले बंधू वीरभद्रप्पा. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. सातवीतून शाळा सोडून ते वडिलांच्या भुसार दुकानात बसले आणि धाकट्याला थेट एम. ए.पर्यंत शिकवलं. धाकट्याने लग्न केलं नाही, बिऱ्हाड थाटलं नाही. निवृत्तीनंतर धारवाडहून पुस्तकांच्या पेट्या घेऊन तो परत आला तेव्हा अण्णांनी वरचा मजला झाडून ठेवला होता. तेव्हापासून दोघांची ताटं खालीच, शेजारी शेजारी वाढली जात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रोफेसरांना घर म्हणून जे काही होतं ते एवढंच.

आणि कालच्या जेवणात अण्णांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं होतं.

"उद्या पाळण्यात सोमलिंग नाव पडलं पायजे. न्हाय तर मी दोरी धरत न्हाय. आन् शरणू, आज्जा खुनी न्हवता म्हणून तू सगळ्यांफुडं सांगायचं. तेवढ्यासाठी शिकलायस की तू. न्हाय सांगितलास तर तुजा जिना येगळा, आमचा येगळा."

शेंगाच्या चटणीचा घास प्रोफेसरांच्या घशात अडकला, तो अजून पुरता उतरला नव्हता.

सोमलिंगअज्जा हे अण्णांचे आणि त्यांचे सख्खे आजोबा, आजच्या बाळाच्या तर खापरपणजोबाच्याही पलीकडचे. संस्थानी काळात, अक्कलकोटकडच्या गावात, सारा थकला म्हणून जप्तीचा माणूस दारात आला. त्याने बैल सोडला. अज्ज्याने बैलगाडीच्या कडेचा दांडका, उभारी, उपसली आणि त्याच्या डोक्यात घातली. माणूस जागीच गेला. अज्ज्याला जन्मठेप झाली. स्वातंत्र्यानंतर सुटून आला, काही वर्षं ओट्यावर शेंगा फोडत गप्प बसून राहिला आणि तसाच गप्प मेला. आजोबाचं नाव नातवाला द्यायची या घराची रीत. पण सोमलिंग हे नाव त्यानंतर कुणालाच दिलं नाही. अण्णांच्या वडिलांनी, कल्लप्पांनी, शेवटच्या दुखण्यात अण्णांचा हात धरून एवढंच सांगितलं होतं: माझ्या बापाचं नाव घरात आण.

अण्णांच्या पोटी भारत झाला तेव्हा बायको आडवी आली. भारतच्या पोटी मल्लिनाथ झाला तेव्हा सून आडवी आली. आता मल्लिनाथच्या पोटी मुलगा झाला होता आणि अण्णांकडे चौथ्या खेपेची वाट बघायला सवड नव्हती.

जिन्यावर चप्पल वाजली. पहिला पक्षकार आला होता.

भारत पंचावन्नचा, भुसार दुकानाचा सध्याचा मालक आणि येत्या महापालिका निवडणुकीचा इच्छुक. काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती. ती त्याने प्रोफेसरांच्या पलंगावर अंथरली. वर ठसठशीत अक्षरांत 'क्रांतिवीर सोमलिंगप्पा तोळणुरे' आणि खाली पल्लेदार मिशांचा, फेटेवाला, हातात तलवार घेतलेला एक गडी.

"हा कोण?" प्रोफेसरांनी विचारलं.

"अज्जा की!"

"अज्ज्याचा फोटोच नव्हता कधी."

"म्हणून तर कम्प्युटरकडून काढून घेतलाय, काका. नुसतं नाव-गाव घातलं, तर बाहेर कसला आला बघा! आंगावर काटा येतोय का न्हाय?"

"अज्ज्याला मिशा नव्हत्या, भारत. आणि तलवार? ती बैलगाडीची उभारी होती."

"उभारी फ्लेक्सवर दिसत न्हाय चांगली," भारतने व्यवहार सांगितला. मग पलंगाच्या कडेवर टेकून आवाज खाली आणला. "काका, गावात कमान बांधायचं चाललंय अज्ज्याच्या नावाची. गावच्या ग्रुपवर रोज मारामारी हाय. निम्मे म्हणतात क्रांतिवीर, निम्मे म्हणतात खुनी. तुमी एवढं मोठं तज्ज्ञ. दोन ओळी बोला, मी मोबाईलवर घेतो. संस्थानच्या जुलमाविरुद्ध पहिला वार, असं काय तरी. लगेच तोंडं बंद हुतील सगळ्यांची."

"आणि तुझं तिकीट?"

"ते आपलं जाता जाता." भारत मोकळं हसला. लबाडी लपवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तर तो प्रोफेसरांना आवडायचा. "पर खरं सांगा, जुलूम न्हवता का?"

"होता. सारा वाढवला होता, दुष्काळ पडला होता, दारातला बैल नेत होते. जुलूमच होता."

"मग झालं की!"

"जुलूम होता म्हणून अज्जा क्रांतिवीर होत नाही रे. उभारी उचलताना त्याच्या डोळ्यांपुढं देश नव्हता, बैल होता."

भारतने फ्लेक्स गुंडाळला. "तुमी असं बोलता ना काका, म्हणून तुमाला कुठं अध्यक्ष म्हणून बोलवत न्हाईत," असं म्हणून तो गेला. जाताना चहा मात्र वर पाठवून दिला.

चहा घेऊन आली ती दुसरी पक्षकार. काव्या, बाळाची आई, मूळची वैरागची, आता नवऱ्याबरोबर पुण्याला. आल्या आल्या तिने दार लोटून घेतलं.

"काकाज्जा, मला एकच सांगा. ते खुनी होते की नव्हते?"

"होते."

"बास! एवढंच खाली सांगा तुम्ही. मी बाळाचं नाव रेयांश ठरवलंय, मल्लिनाथलाही आवडलंय, पण थोरल्या अज्जांपुढं तो तोंड उघडत नाही. उद्या हा शाळेत जाईल. कुणीतरी मोबाईलवर शोधेल आणि म्हणेल, तू त्या खुन्याच्या नावाचा ना? मला नको ते."

"शोधून त्यांना भारतचा फ्लेक्स सापडेल," प्रोफेसर म्हणाले. "मिशावाला."

काव्याला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. "तुम्ही चेष्टा करू नका. तुम्ही आयुष्यभर शिकवलंत ना, गुन्हा तो गुन्हाच?"

"असं मी कधीच शिकवलं नाही, बाळ. पण बस."

ती बसली. चहाचा घोट घेत ते क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी पापड वाळत होते, आणि आज ते सगळे जागेवर होते.

"खुनी होता एवढंच खाली सांगितलं तर तेही अर्धंच होईल," ते म्हणाले. "त्या माणसाच्या आयुष्यातली एक दुपार खुनाची होती. त्यापुढं-मागं साठ वर्षं होती. भारतला ती दुपार सोन्याने मढवायचीय, तुला ती पुरून टाकायचीय. जो मेला त्याचं..."

ते थांबले. कप बशीत ठेवला तो आवाज करून.

"काय झालं?"

"काव्या, जो मेला त्याचं नाव काय होतं?"

"मला कसं माहीत असेल?"

"मलाही माहीत नाही," प्रोफेसर सावकाश म्हणाले.

वर्गात त्यांचा एक ठरलेला तास असायचा. फळ्याच्या एका बाजूला आरोपी लिहायचे: नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला. दुसऱ्या बाजूला फक्त 'मयत' एवढंच लिहायचे. मग पोरांना विचारायचे, ही बाजू रिकामी का? खटला मारणाऱ्याचा चालतो, पोवाडाही मारणाऱ्याचा होतो, आणि शिव्यासुद्धा त्यालाच मिळतात. मेलेला मात्र दोन्हीकडून उपाशी राहतो. हे वाक्य पोरं वहीत उतरून घ्यायची. आणि स्वतःच्या घरातल्या फळ्याची ती बाजू सत्तर वर्षं कोरी होती. भारतच्या बोलण्यात नुसतं 'संस्थान' होतं, अण्णा नेहमी 'जप्तीवाला' म्हणत. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चल खाली," ते उठत म्हणाले. "बघू काय होतंय."

खाली पाळणा बांधून झाला होता. झेंडूच्या माळा, चांदीचा खुळखुळा, परातीत वाफाळत्या घुगऱ्या. बाळ मल्लिनाथच्या हातात होतं आणि मल्लिनाथ ते काचेचं भांडं धरावं तसं धरून उभा होता. पाळण्याशेजारच्या खुर्चीत अण्णा पांढराशुभ्र धोतर-शर्ट घालून, दोरीकडे पाठ करून बसले होते. पाठ केल्याचं सगळ्यांना दिसावं अशी त्यांनी पाठ केली होती.

दाराशी सुंदरम्मा ताट मांडत होती. ही दोघा भावांमधली बहीण, अण्णांहून धाकटी, प्रोफेसरांहून थोरली. अक्कलकोटला दिलेली. बाळाला सख्खी आत्या नव्हती, त्यामुळे कानात नाव सांगायचा मान घरातल्या थोरल्या आत्येचा, म्हणजे तिचा. त्या मानाआधीचं एक काम ती नेहमीप्रमाणे उरकत होती. तोळणुऱ्यांकडे काहीही शुभकार्य असो, कुणी तोंडात घास घालायच्या आधी एक ताट उंबऱ्याबाहेर जातं. गव्हाची गोड हुग्गी, भाकरी, शेंगाची चटणी आणि तांब्याभर ताक. ते बायकांनीच न्यायचं, पुरुषांनी हात लावायचा नाही. त्याला अज्ज्याचं ताट म्हणतात. थोड्या वेळाने ते रस्त्यावरच्या कुणाला तरी देऊन टाकतात.

प्रोफेसर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून त्या ताटाकडे बघत राहिले. जन्मभर बघितलेलं ताट. कधी कधी माणसाला नाकावरचा चष्मा सापडत नाही तसं.

"आलास?" अण्णा म्हणाले. "बोल मग. सगळी हायत."

बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. नळसुद्धा नेमका तेव्हाच गेला.

"बोलतो अण्णा. आधी एक विचारू? ते ताट कुणाचं?"

"हे काय इचारणं झालं? आज्ज्याचं."

"अज्जा ताक प्यायचा?"

प्रोफेसरांना आठवत होतं आणि अण्णांना तर जास्तच आठवणार, ते मोठे होते. पानात ताकाची वाटी आली की अज्जा उठून जायचा. एकदा कुणी पाहुण्याने आग्रह केला तर ओट्याच्या कडेला जाऊन भडभडून ओकला होता.

"न्हाय प्यायचा," अण्णा म्हणाले. "वाससुद्दा चालत न्हवता."

"मग त्याच्या ताटात आपण सत्तर वर्षं ताक कशाला वाढतोय? आणि घरचा मेलेला माणूस घरात जेवतो, अण्णा. देवघरापुढं वाढतात त्याला. हे ताट उंबऱ्याबाहेर का?"

भारत मोबाईल वर धरून चित्रीकरणाच्या तयारीत होता. त्याने हात खाली घेतला. काव्या पाळण्याचा खांब धरून उभी राहिली.

"वळण हाय घराचं," अण्णा चिडून म्हणाले. "तू इषय बदलू नकोस."

"विषय हाच आहे," प्रोफेसर म्हणाले आणि दाराकडे वळले. "अक्का, हे ताट कुणाचं आहे गं?"

सुंदरम्माने पदराला हात पुसले.

"आज इचारलंस व्हय," ती म्हणाली. "अज्जी म्हणायची, कुणी इचारलं तर सांग, न्हाय इचारलं तर वाढत ऱ्हा. सगळी आपली आज्ज्याचं आज्ज्याचं म्हणत बसली. मी कशाला बोलू मधी?"

"कुणाचं?"

"जो मेला त्याचं की रे."

कुणीतरी घुगऱ्यांची परात खाली ठेवली. सुंदरम्मा उकिडवी बसून ताटातली भाकरी उगाच सारखी करत बोलत राहिली. अज्जीने, मल्लव्वाने, तिला लहानपणी सांगितलं होतं ते सगळं.

"साहेब-बिहेब न्हवता तो. शिपाई हुता, इशी-बाविशीतला. हुकूम घेऊन रानातनं चालत आला हुता, उनाचा. येऊन ओट्यावर बसला, पाणी मागितलं. अज्जीनं ताक दिलं. म्हणाला, अव्वा, लई ग्वाड हाय. तांब्या धुऊन परत ठेवला आन् मग बैल सोडाया गेला. त्याचं काम हुतं ते. आज्जा शेतातनं आला आन् बघतो तर बैल चाललाय." ती थांबली. "तांब्या अजून वला हुता म्हणे ओट्यावर."

अण्णांची पाठ आता पाळण्याकडे राहिली नव्हती. ते खुर्चीत पुरते वळले होते.

"त्याची बायको गावाच्या कडंला एकटीच ऱ्हायची. लेकरू न्हवतं. अज्जी सणासुदीला ताट घेऊन जायची तिच्याकडं. कैक वर्षं तिनं ताट माघारी लावलं. आज्जा तुरुंगातनं सुटून आला त्या साली पयल्यांदा घेतलं. का घेतलं, देवाला ठावं. मी नकळत्या वयात अज्जीसंगं जायची, तांब्या माझ्या हातात. ती बाई ताट भिताडापाशी ठिवायची आन् म्हणायची, अमरेशा, ऊटा माडु बा. ये, जेव म्हणून. मग सोताला एक घास घ्यायची. ती मेल्यावर अज्जी उंबऱ्याभाईर ठिवाया लागली."

"अमरेश," प्रोफेसर म्हणाले. ते नाव त्यांनी तोंडात दोनदा फिरवून बघितलं.

"आन् आज्जा?" अण्णांनी विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"आज्जा घरात पानावर बसून ऱ्हायचा. आमी माघारी आलो की एकच इचारायचा: घेतलं का? अज्जी म्हणायची, घेतलं. मग जेवाया लागायचा. त्याच्या आदी घासाला शिवायचा न्हाय."

मग अण्णा बोलले, आणि ते धाकट्या भावाशीच बोलत होते, बाकी घर तिथं नसल्यासारखं.

"शरणू, मी शाळा दुकानासाठी सोडली न्हवती. तुला, बापाला, सगळ्यांना तसंच सांगितलं. पोरं मला खुन्याचा नातू म्हणायची. रोज. मास्तर बी हसायचा. तू एवढं शिकलास तवा मला वाटलं, आता ह्यो एक दिवस उभा ऱ्हाईल आन् सांगंल, माझा आज्जा निर्दोष हुता. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. माझ्यासाठी एवढं सांगता येत न्हाय तुला?"

जिना वेगळा झाला तर होऊ दे, असं प्रोफेसरांना त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. तो वेगळा होऊ नये असंच वाटलं, फार वाटलं. तरी ते म्हणाले,

"तू शिकवलंस म्हणूनच येत नाही, अण्णा. अज्ज्याने मारलं. पण त्याला निर्दोष म्हणून घ्यायचं नव्हतं, हे तर तू आत्ता ऐकलंस. त्याला एवढंच हवं होतं की त्या घरात कुणीतरी जेवावं. या घरात अज्ज्याला सगळे विसरले असं तुला वाटतं. त्याचं नाव नाही घेतलं आपण, पण भांडलो तर सगळे त्याच्यावरच. त्या पोराला मात्र आपण ताट दिलं आणि त्यावर पाटी अज्ज्याची लावली."

"मग नाव काय ठिवायचं?" सुंदरम्माने विचारलं. ती कामाची बाई होती. "कानात सांगायचं मला हाय. हुग्गी गार हुतीय."

प्रोफेसर काव्याकडे बघायला लागले. बघताच तिला कळलं. तिने बाळाला मल्लिनाथच्या हातातून घेतलं, त्याच्या कपाळावरचं टोपडं मागे सारलं आणि हलकेच म्हणून बघितलं, "अमरेश." मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

"छान आहे की," ती म्हणाली. "शाळेत कुणी शोधलं आणि विचारलं, तर सांगता येईल मला. सगळं सांगता येईल."

"अगं पण खून झालेल्याचं नाव?" भारत म्हणाला. "अपशकुन न्हाय का? आन् काका, फ्लेक्सचं काय? कमानीचं काय? एका शिपायाच्या नावाची कमान कोण बांधतंय?"

"कुणीच नाही," प्रोफेसर म्हणाले. "म्हणून पाळणा बांधू. मिशावाला तू दुकानात लाव, उंदीर येणार नाहीत."

मल्लिनाथ फसकन हसला. सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज होता. त्याच्यापाठोपाठ बायका हसल्या आणि शेवटी भारतही.

अण्णा हसले नाहीत. ते खुर्चीच्या दांड्यांवर हात रेटून उठले. प्रोफेसर धरायला पुढे झाले, तर त्यांनी हात झिडकारला. एक एक पाऊल टाकत ते दाराशी गेले. आता ते घराबाहेर निघून जाणार असंच सगळ्यांना वाटलं.

अण्णा ताटापाशी वाकले.

"अण्णा, बायकांचं हाय ते," सुंदरम्मा म्हणाली.

"साकु," ते म्हणाले. पुरे. "मारलं पुरुषानं आन् ताट वाहिलं बायकांनी. लई झालं."

ताट उचलताना तांब्यातलं ताक डचमळून थोडं धोतरावर सांडलं. त्यांनी उंबरा ओलांडला. बाहेर पाण्याच्या दिवसाची गल्ली चिंब झाली होती, समोरची बाई मोटारीची नळी गुंडाळायची थांबून बघत राहिली. अण्णांनी ताट ओट्यावर ठेवलं, तांब्या त्याच्या उजव्या अंगाला ठेवला आणि दुकानात हमालाला हाक मारायच्या त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अमरेशा! ऊटा माडु बा!"

मग ते आत आले आणि कुणाकडेही न बघता पाळण्याची दोरी हातात घेतली.

काव्याने बाळाला पाळण्यात निजवलं. सुंदरम्मा वाकली, पदर आडवा धरला आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायला मुठी वळल्या. ती कानात काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही, आणि बाळाने एवढे मोठे डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

अण्णांची दोरी थांबली होती. "घेतलं का गं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं," सुंदरम्मा म्हणाली. "घेतलं की, अण्णा."

मग बुक्के पडले. अण्णांनी पाळण्याला झोका दिला आणि मान न वळवताच सांगितलं, "शरणूचं ताट वाढा. माझ्या शेजारी."